मिश्रणाच्या गणितात समीकरण मांडताच येत नाही? आधी माल मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात तो असा आहे, की समीकरण कोणी तयार करून दिलं तर तुम्ही ते सोडवता, उत्तरही बरोबर येतं, पण "२० टक्के आणि ५० टक्के ॲसिडची दोन द्रावणं मिसळून ३० टक्क्यांचं ६ लिटर द्रावण बनवायचं आहे, प्रत्येकी किती घ्यावं" असं वाक्य समोर आलं की हात थांबतो. २० आणि ५० ची सरासरी काढून बघितली, ती ३५ आली, पुढे त्या ३५ चं काय करायचं ते कळेना. कोणीतरी ॲलिगेशनची फुली (दोन्ही दर आणि हवा तो दर यांची तिरपी वजाबाकी करून प्रमाण काढायची रीत) शिकवली, ती पाठ आहे पण कुठला आकडा कुठल्या बाजूला लिहायचा त्यात दर वेळी गोंधळ होतो. आणि शेवटी विचारलंय की या सगळ्या गणितांना लागू पडेल असा एकच फॉर्म्युला आहे का.

मी २२ वर्षं बीजगणित शिकवतेय, शाळेतल्या मुलांनाही आणि बऱ्याच वर्षांनी परत अभ्यासाला बसलेल्या मोठ्या माणसांनाही, आणि नेमकी हीच तक्रार दर वर्षी ऐकते. माझ्या मते तुमचं बीजगणित कच्चं नाहीये. अडचण त्याच्या आधीच्या पायरीवर आहे, ती म्हणजे तुम्ही टक्क्यांना वस्तू समजताय. "२० टक्के" ही काही भांड्यात ओतायची गोष्ट नाही, तो एक दर आहे, दर १०० भागांत २० भाग ॲसिड इतकाच त्याचा अर्थ. भांड्यात असतं ते लिटरमध्ये मोजता येणारं ॲसिड आणि लिटरमध्ये मोजता येणारं पाणी. क्लासमध्ये मी त्या शुद्ध ॲसिडला सरळ "माल" म्हणते, आणि पहिल्या दिवशी फळ्यावर एकच वाक्य लिहिते की टक्के मिसळत नाहीत, माल मिसळतो. टक्क्यांची बेरीज होत नाही, मालाची होते. तुम्ही फॉर्म्युला विचारलात ना, तर तो हाच समजा: आधी होता तेवढा माल, अधिक घातलेला माल, वजा काढलेला माल, बरोबर शेवटी राहिलेला माल. बाकी सगळं त्यातून निघतं.

आता कुठली पद्धत तुम्हाला सोयीची हे थोडं तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. लेखी परीक्षेत स्टेप्सना मार्क असतील तर समीकरण मांडून दाखवावंच लागेल. चार पर्यायांतून एक निवडायचा असेल आणि हातात एक मिनिट असेल तर ॲलिगेशन वापरा, पण ते का चालतं हे कळल्यावर वापरा, नाहीतर फुली उलटी पडते आणि ते उलटं उत्तरही पर्यायांत हमखास दिलेलं असतं. शिवाय एक चल घ्यायचं की दोन, हा ज्याच्या त्याच्या सवयीचा भाग आहे. मी नवशिक्यांना दोन चलं घ्यायला सांगते कारण दोन वाक्यांची दोन समीकरणं सरळ होतात आणि वजाबाकीची कसरत डोक्यात करावी लागत नाही.

तुमचंच उदाहरण घेऊ. समीकरणाच्या आधी मी एक लहान टेबल करायला लावते, तीन उभे रकाने, पहिला "एकूण किती लिटर", दुसरा "दर", तिसरा "माल". आणि ओळीही तीनच, पहिलं द्रावण, दुसरं द्रावण, तयार मिश्रण. पहिल्या दोन रकान्यांत गणितात दिलेली माहिती जशीच्या तशी भरायची, तिसरा रकाना आपण गुणाकार करून काढायचा.

पहिलं द्रावण: क्ष लिटर, दर ०.२, माल ०.२क्ष.
दुसरं द्रावण: य लिटर, दर ०.५, माल ०.५य.
तयार मिश्रण: ६ लिटर, दर ०.३, माल १.८.

आता पहिला रकाना वरून खाली वाचा, क्ष + य = ६. तिसरा रकाना वाचा, ०.२क्ष + ०.५य = १.८. झाली की दोन समीकरणं. मधला रकाना मात्र वरून खाली कधीही वाचायचा नाही, कारण दरांची बेरीज करायची नसते, आणि तुम्ही २० आणि ५० घेऊन जे करत होतात ते नेमकं हेच, मधल्या रकान्याची बेरीज किंवा सरासरी. दुसऱ्या समीकरणाला १० ने गुणलं की २क्ष + ५य = १८, पहिल्याला २ ने गुणून वजा केलं की ३य = ६, म्हणजे य = २ आणि क्ष = ४. वीस टक्क्यांचं ४ लिटर, पन्नासचं २ लिटर. पडताळा घ्या, ४ लिटरमध्ये ०.८ लिटर माल, २ लिटरमध्ये १ लिटर माल, एकूण १.८, आणि ६ चे ३० टक्के पण १.८. पडताळा ही शेवटी वेळ उरला तर करायची गोष्ट नाहीये, मिश्रणाच्या गणितात ती दहा सेकंदांची आहे आणि चूक लगेच दाखवते.

चुकीवरून आठवलं, मागे एका मुलीची वही तपासत होते, तिने एकाच चलात हे गणित मांडलेलं: ०.२क्ष + ०.५(६ − क्ष) = ०.३. डावी बाजू अगदी बरोबर. उजवीकडे मात्र नुसता दर, ६ ने गुणायचं राहिलं. पुढची सगळी आकडेमोड तिने व्यवस्थित केली, ३ − ०.३क्ष = ०.३, म्हणून क्ष = ९. मग दुसरं द्रावण ६ − ९, म्हणजे उणे ३ लिटर. तिने ते उणे चिन्ह खोडलं आणि ३ लिहिलं. मी तिला विचारलं, अगं सहा लिटर बनवायचंय आणि त्यात तू नऊ लिटर ओततेयस? ती वहीकडे बघत बसली आणि मग स्वतःच म्हणाली, मॅडम, डावीकडे लिटर आहेत आणि उजवीकडे टक्के आहेत. हे तिचं वाक्य मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. समीकरण लिहून झालं की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंचं एकक काय आहे ते तोंडाने म्हणा. डावीकडे "लिटर ॲसिड" आणि उजवीकडे "लिटर ॲसिड" असेल तरच पुढे जा. माझ्या अंदाजाने निम्म्याहून जास्त चुका या एका सवयीने थांबतात.

दुसरी सवय, सोडवायच्या आधी अंदाज बांधायचा. ३० हा ५० पेक्षा २० च्या जवळ आहे, म्हणजे २० वालं द्रावण जास्त लागणार हे पेन न उचलता कळतं. आणि दोन द्रावणं मिसळून येणारा दर हा त्या दोघांच्या मधेच कुठेतरी असणार, २० आणि ५० मिसळून ६० टक्के कधीही मिळणार नाही, कितीही ओता. त्या मुलीने आधी इतकाच अंदाज लिहून ठेवला असता तर उणे ३ बघून ती थांबली असती, चिन्ह खोडलं नसतं.

तिसरी गोष्ट चलाची. "क्ष मानू" असं नुसतं लिहू नका, क्ष म्हणजे काय ते पूर्ण लिहा. "क्ष = २० टक्क्यांच्या द्रावणाचे लिटर". खूप जण मनात क्ष म्हणजे ॲसिड धरतात, मग एका ओळीत क्ष हे द्रावण असतं आणि पुढच्या ओळीत तेच क्ष ॲसिड होतं, आणि आपण कुठे चुकलो हे शोधूनही सापडत नाही कारण प्रत्येक ओळ सुटी बघितली तर बरोबर वाटते.

आता पाणी घालायची किंवा शुद्ध ॲसिड घालायची गणितं. यांना लोक वेगळा प्रकार समजतात पण टेबल तेच आहे, पाण्याचा दर ० आणि शुद्ध ॲसिडचा दर १, बास. समजा ८ लिटर द्रावण २५ टक्क्यांचं आहे आणि पाणी घालून ते १० टक्क्यांवर आणायचंय. इथे तर समीकरणाचीही फार गरज नाही. माल किती? ८ चा पाव, २ लिटर. पाणी घातल्याने माल बदलला का? नाही. मग ते २ लिटर आता एकूणच्या १० टक्के व्हायला हवेत, म्हणजे एकूण २० लिटर हवं, ८ आहेत, १२ लिटर पाणी घाला. उलट तेच ८ लिटर शुद्ध ॲसिड घालून ४० टक्क्यांवर न्यायचं असेल तर माल बदलतो, पण पाणी बदलत नाही ना? पाणी ६ लिटर होतं आणि ६ च राहणार, ४० टक्के ॲसिड म्हणजे ६० टक्के पाणी, ६ लिटर म्हणजे ६० टक्के तर एकूण १० लिटर, म्हणून २ लिटर ॲसिड घाला. मला या दोन गणितांची जोडी फार आवडते कारण ती एकच प्रश्न विचारायला शिकवते, इथे न बदलणारं काय आहे? ते सापडलं की त्यालाच धरून बसायचं.

बाष्पीभवनाची गणितंही यातच येतात. १२ किलो मिठाचं पाणी ५ टक्क्यांचं, उकळून ८ टक्क्यांचं करायचंय, किती पाणी उडेल? मीठ उडत नाही. मीठ ०.६ किलो, ते नव्या वजनाच्या ८ टक्के, म्हणजे नवं वजन ७.५ किलो, उडालं ४.५ किलो.

आणि याच जातीचं एक गणित असं आहे की जे भल्याभल्यांना चकवतं, ते मी मुद्दाम देते. १०० किलो ओला लगदा आहे, त्यात ९९ टक्के पाणी. थोडा वाळवला, आता पाणी ९८ टक्के झालं. वजन किती उरलं? बहुतेक जण ९९ किलो म्हणतात. आता माल बघा. कोरडा माल १ किलो होता, तो वाळवल्यावरही १ किलोच आहे, फक्त आधी तो एकूणच्या १ टक्का होता, आता २ टक्के आहे. १ किलो म्हणजे २ टक्के, तर एकूण ५० किलो. निम्मं वजन गेलं! आपली नजर ९९ आणि ९८ वर खिळते, आणि न बदलणारा तो एक किलो कोपऱ्यात पडून राहतो. ज्याला हे एकदा पटलं तो टक्क्यांची वजाबाकी परत करत नाही असा माझा अनुभव आहे, म्हणून हे गणित कागदावर एकदा स्वतः करून बघाच.

पटकन भाषेबद्दल एक. "१० टक्क्यांवर आणा" आणि "१० टक्क्यांनी कमी करा" यात फक्त एका प्रत्ययाचा फरक आहे आणि उत्तर पूर्ण वेगळं येतं. "वर" किंवा "पर्यंत" असेल तर तो शेवटचा दर, मिश्रणाच्या ओळीत जाणार. "नी" असेल तर तो बदल आहे. घाईत वाचताना हे सुटतं, म्हणून मी मुलांना अशा शब्दाभोवती पेन्सिलने गोल करायला लावते.

आता जरा अवघड प्रकार, काढून परत भरायचा. टाकीत १० लिटर द्रावण आहे ४० टक्क्यांचं. त्यातलं थोडं काढून टाकायचं आणि तेवढंच शुद्ध ॲसिड भरायचं, म्हणजे टाकी परत १० लिटरला भरेल आणि दर ५२ टक्के होईल. किती काढायचं? इथे नव्वद टक्के लोक असं मांडतात की माल ४ लिटर होता, हवाय ५.२, म्हणून क्ष = १.२. दिसायला इतकं सरळ की शंकाच येत नाही. पण काढताना नुसतं पाणी कुठे निघालं? जे काढलं ते ४० टक्क्यांचंच द्रावण होतं, त्याच्याबरोबर मालही गेला. म्हणून ओळी तीन हव्यात, आधीचं (माल ४), काढलेलं (माल ०.४क्ष, आणि वजा), घातलेलं (माल क्ष). ४ − ०.४क्ष + क्ष = ५.२, ०.६क्ष = १.२, क्ष = २. त्या १.२ च्या उत्तराचा पडताळा घेऊन बघा, १.२ लिटर काढलं तेव्हा ०.४८ लिटर माल गेला, उरला ३.५२, त्यात १.२ मिळवला की ४.७२, म्हणजे ४७.२ टक्के. ५२ होत नाही.

हेच परत परत केलं तर? १० लिटर शुद्ध ॲसिड, २ लिटर काढलं आणि २ लिटर पाणी भरलं, असं तीनदा. प्रत्येक वेळी टाकीतला पाचवा भाग जातो, म्हणजे जो माल असेल त्याचाही पाचवा भाग जातो आणि चार पंचमांश उरतो. १० चे ८, ८ चे ६.४, ६.४ चे ५.१२. प्रत्येक वेळी २ लिटर माल जातो असं धरून १० − ६ = ४ काढणारे खूप असतात. पहिल्यांदा गेला २ लिटर, दुसऱ्यांदा १.६, तिसऱ्यांदा १.२८, कारण द्रावण पातळ होत चाललंय. पुस्तकात याचा घातांकाचा फॉर्म्युला देतात, तो वापरा हवं तर, पण पहिली दोन-तीन गणितं अशीच ओळीने करा, म्हणजे फॉर्म्युल्यातला तो "चार पंचमांशाचा घन" कुठून आला ते विसरणार नाही.

गुणोत्तराच्या गणितात वेगळाच खड्डा आहे. पहिल्या भांड्यात ॲसिड आणि पाणी ३:१, दुसऱ्यात १:२, दोन्हीतून सारखंच द्रावण घेऊन मिसळलं, नवं गुणोत्तर काय? सरळ ३ + १ आणि १ + २ करून ४:३ लिहिणारे कितीतरी. ते उत्तर एकाच बाबतीत बरोबर ठरेल, पहिल्यातून ४ लिटर आणि दुसऱ्यातून ३ लिटर घेतलं तर, कारण मग खरंच ३ आणि १ लिटर, १ आणि २ लिटर असे आकडे येतात. इथे सारखंच घेतलंय. म्हणून आधी गुणोत्तराचं "एकूणपैकी किती" करायचं, ३:१ म्हणजे एकूणच्या तीन चतुर्थांश ॲसिड, १:२ म्हणजे एक तृतीयांश. किंवा त्याहून सोपं, ४ ने आणि ३ ने दोन्हीने भाग जाईल असा आकडा घ्या, १२. दोन्हीतून १२-१२ लिटर घेतलं समजा, पहिल्यात ९ ॲसिड ३ पाणी, दुसऱ्यात ४ ॲसिड ८ पाणी, एकूण १३ आणि ११. उत्तर १३:११. मला ही १२-१२ वाली रीत जास्त आवडते, अपूर्णांकांची भीती असलेल्यांनाही ती पटकन जमते.

आता तुमची ॲलिगेशनची फुली. ती का चालते ते बघा, मग पाठ करायची गरज उरणार नाही. आपल्याला ३० हवेत. २० वाल्याच्या प्रत्येक लिटरमध्ये १० ची तूट आहे, ५० वाल्याच्या प्रत्येक लिटरमध्ये २० ची वाढ आहे. एकूण तूट आणि एकूण वाढ सारखी झाली की ३० येणार. म्हणजे ५० वाल्या एका लिटरची वाढ भरून काढायला २० वालं दोन लिटर लागणार. २:१, झालं, ६ लिटरमध्ये ४ आणि २. सी-सॉवर हलकं मूल लांब बसतं आणि जड मूल मधल्या आधाराच्या जवळ बसतं ना, तसंच, जो दर हव्या त्या दराच्या जवळ आहे त्याचं प्रमाण जास्त. म्हणूनच फुलीत आकडे समोरासमोर न लिहिता तिरपे लिहितात, २० समोर ५० − ३० आणि ५० समोर ३० − २०. बाजू विसरलात तरी "जवळचा जास्त" एवढं आठवलं की फुली आपोआप सरळ होते.

ही रीत फार्मसीच्या अभ्यासक्रमातही शिकवतात, दोन वेगळ्या तीव्रतेची औषधं मिसळून मधली तीव्रता बनवायला, तेव्हा हिला परीक्षेपुरती ट्रिक समजू नका. आणि ॲलिगेशन म्हणजे वेगळं काही नाही, भारित सरासरीच आहे, म्हणजे ज्याचं प्रमाण जास्त त्याला जास्त वजन देऊन काढलेली सरासरी, ती उलटीकडून वाचलेली. आपल्याकडे भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० साली, सुवर्णगणित म्हणून याचा भाग आहे. त्यातलं एक उदाहरण बघा, आकडे मुद्दाम देते: १३ वर्णाचं सोनं १० मासे, १२ वर्णाचं ४, ११ वर्णाचं २ आणि १० वर्णाचं ४ मासे, सगळं एकत्र आटवलं तर कोणत्या वर्णाचं होईल? मासा हे वजनाचं जुनं माप, आणि वर्ण म्हणजे सोन्याचा कस, आपल्या भाषेत दर. गुणाकार करा, १३० + ४८ + २२ + ४० = २४०, एकूण वजन २० मासे, २४० भागिले २० म्हणजे १२ वर्ण. पुढे भास्कराचार्य विचारतात, हेच २० मासे शुद्ध करून १६ मासे उरले तर वर्ण किती? हीण जळालं, सोनं गेलं नाही, २४० तेच राहिले, २४० भागिले १६ म्हणजे १५. आपलं उकळून उडालेल्या पाण्याचं गणित आणि हे, दोन्ही एकच. हे २४० म्हणजे आपला तिसरा रकाना. चार पदार्थ आले की फुली अडखळते, तिसरा रकाना अडखळत नाही, चार काय चाळीस ओळी आल्या तरी बेरीजच करायची. काढून भरायच्या प्रकारातही फुली फार जपून वापरावी लागते. त्यामुळे मी दोघांत निवडायचं झालं तर टेबलच निवडेन.

एक गोष्ट सांगायला हवी, विशेषतः तुम्ही सायन्सवाले असाल तर. या सगळ्या गणितांत आपण गृहीत धरतो की ४ लिटर आणि २ लिटर मिळून ६ लिटर होतात. प्रत्यक्षात दर वेळी तसं होत नाही. ५० मिली शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिली पाणी मिसळलं तर १०० मिली भरत नाही, साधारण ९६-९७ मिलीच भरतं, कारण रेणू एकमेकांत जास्त जवळ बसतात. वजनाची बेरीज मात्र चुकत नाही, ग्रॅममध्ये ग्रॅम मिळवलं की बरोबरच येतं. म्हणून ९५ टक्के अल्कोहोलचं ७० टक्के करायचं असेल तर गणिताच्या पेपरात ७०:२५ म्हणजे १४ भाग अल्कोहोल आणि ५ भाग पाणी असं उत्तर लिहायचं. लॅबमध्ये मात्र पाणी वेगळं मोजून ओतत नाहीत, ७० भागिले ९५ गुणिले १०० म्हणजे जवळपास ७३.७ मिली अल्कोहोल घेतात आणि वर १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरतात. दोन्हीत मालाचा हिशोब एकच आहे. केमिस्ट्रीत तीव्रता गुणिले आकारमान दोन्हीकडे सारखं ठेवायचा जो नियम शिकलात तो पण हाच, पाणी घातल्यावर माल बदलत नाही एवढंच तो म्हणतो.

थोडक्यात परत: क्ष म्हणजे काय ते पूर्ण वाक्यात लिहा, उत्तर कुठे असेल त्याचा अंदाज बाजूला लिहून ठेवा, तीन रकान्यांचं टेबल करा, पहिला आणि तिसरा रकाना वरून खाली वाचून समीकरणं घ्या, दोन्ही बाजूंचं एकक तोंडाने म्हणा, आणि शेवटी मालाचा पडताळा.

सरावाबद्दल म्हणाल तर शंभर गणितं एका दमात करू नका. मी पंधरा-वीस देते पण त्यातली पहिली दहा सोडवायला बंदी असते, फक्त टेबल भरायचं आणि समीकरण लिहून थांबायचं. तुम्हाला सोडवणं येतंच आहे, त्यात वेळ घालवला की जे येत नाही त्याचा सराव राहून जातो. दहा टेबलं झाली की मग ती सगळी एकदम सोडवा आणि जिथे पडताळा चुकेल तिथे समीकरण न तपासता आधी टेबलाची तिसरी ओळ तपासा, बहुतेक वेळा तिथेच दर गुणायचा राहिलेला असतो. काढून भरायचं एखादं गणित अडलं तर तुमचं टेबल इथे टाका, नुसतं उत्तर टाकू नका, टेबल बघितल्याशिवाय चूक कुठल्या ओळीत आहे ते मला सांगता येणार नाही.